जालन्याच्या वाड्यातील पियानो: वय कसे ठरवावे आणि तो आला कुठून

आपला प्रश्न आणि सोबतची छायाचित्रे काळजीपूर्वक पाहिली. जालन्यातील आपल्या वाड्याच्या माडीवर एक उभा पियानो आहे. पणजोबांनी तो छावणीतील एका साहेबाच्या बंगल्यावर झालेल्या लिलावात घेतला, आणि तो छावणी वसली त्या वर्षीचा, म्हणजे १८२७ सालचा आहे, असे आपल्या घरात सांगत आले आहेत. पट्ट्यांवरच्या झाकणावर पितळी अक्षरांत ‘जॉन ब्रिन्समीड अँड सन्स, लंडन’ असे नाव आहे, आत बिडावर एक आकडा आहे, आणि पणजोबांच्या कागदांत एक उर्दू पावती मिळाली आहे, जिच्यावरील १३३१ हे साल कोणीतरी हिजरी धरून १९१३ असे लावून दिले आहे. पियानोचे खरे वय किती, तो घरात आला कसा आणि पुढे त्याचे काय करावे, हे तीन प्रश्न आपण विचारले आहेत.

निष्कर्ष आधी सांगतो. हा पियानो १८२७ चा असणे शक्य नाही. तो १८७८ नंतर आणि बहुधा १९०० च्या आत लंडनमध्ये तयार झाला, आणि सोबतची पावती त्याचीच असेल तर १९२१ च्या अखेरीस किंवा १९२२ च्या आरंभी तो निजामाच्या हद्दीत आला. मधल्या वीस ते चाळीस वर्षांत तो कुठे होता, याविषयी छायाचित्रांत काही खुणा दिसतात; पण त्या प्रत्यक्ष तपासल्याशिवाय छातीठोकपणे काही सांगणे बरोबर होणार नाही.

जुन्या वाद्याच्या बाबतीत बहुतेकांची फसगत होते ती दोन गोष्टींची सरमिसळ केल्यामुळे. वाद्य कधी तयार झाले हा एक प्रश्न आहे आणि ते या घरात कधी आले हा दुसरा. पहिल्याचे उत्तर वाद्याच्या लाकडालोखंडात असते, तर दुसऱ्याचे कागदांत, गंजात आणि घरच्या आठवणींत. शिवाय कोणतीही एक खूण नेमके साल सांगत नाही. एखादी खूण ‘याच्या आधीचा नाही’ एवढेच सांगते, दुसरी ‘याच्या नंतरचा नाही’ एवढेच सांगते, आणि अशा दोन्ही बाजूंच्या खुणा मिळून जो अवधी उरतो, तेच पियानोचे वय. घरच्या आठवणीने हा अवधी आखायचा नसतो. अवधी आखून झाल्यावर आठवण त्यात बसते का, ते पाहायचे असते.

नावापासून सुरुवात करू. जॉन ब्रिन्समीड यांनी लंडनमध्ये स्वतःचा धंदा सुरू केला तोच १८३० च्या दशकाच्या मध्यास, आणि मुलांना भागीदार करून घेतल्यावर १८६३ पासून पेढीच्या नावात ‘अँड सन्स’ आले. म्हणजे झाकणावरील नाव मूळचे असेल, तर केवळ त्या दोन शब्दांनी १८२७ हे साल निकालात निघते. येथे एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते. ब्रिन्समीड या नावाला इतका भाव आला होता की टी. ई. ब्रिन्समीड अँड सन्स या नावाने दुसरी मंडळी पियानो विकू लागली आणि १८९६-९७ मध्ये ते प्रकरण लंडनच्या न्यायालयात गाजले. त्यामुळे आडनाव वाचून थांबू नये, आद्याक्षरेही नीट पाहावीत. आपल्या छायाचित्रात ‘जॉन’ हे पूर्ण नाव स्वच्छ दिसते, ही समाधानाची गोष्ट आहे. अक्षरे लाकडात कोरून बसवलेली आहेत, वरून चिकटवलेली नाहीत, हेही महत्त्वाचे. कारण छापील किंवा चिकटवलेले नाव बदलणे फार सोपे असते आणि पॉलिशवाल्याच्या हातून ते अनेकदा बदललेही जाते.

त्याहून मोलाची खूण आपण नकळत पाठवली आहे. खालची फळी काढून घेतलेल्या छायाचित्रात तारांच्या मागे साउंडबोर्डावर, म्हणजे नाद घुमवणाऱ्या मोठ्या लाकडी फळीवर, पदकांचा एक छाप आहे आणि त्यात ‘लीजन ऑफ ऑनर’चा उल्लेख वाचता येतो. हा फ्रेंच सन्मान जॉन ब्रिन्समीड यांना १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनाच्या वेळी मिळाला. त्या काळचे कारखानदार प्रत्येक प्रदर्शनातील पदक आपल्या वाद्यावर मिरवत असत, आणि नवे पदक मिळाले की छापात त्याची भर पडे. त्यामुळे अशा छापातील सर्वांत अलीकडचे साल शोधावे. वाद्य त्याच्या आधीचे असूच शकत नाही. उलट जुनी पदके पाहून वाद्य त्या वर्षीचे आहे असे मानणे, ही जुन्या वस्तूंच्या बाजारातील नेहमीची चूक आहे. पियानोवर १८५१ च्या लंडन प्रदर्शनाचे पदक छापलेले असते आणि विकणारा तो ‘१८५१ चा पियानो’ म्हणून खपवतो. पदक १८५१ चे असते, पियानो पुढे चाळीस वर्षांनी झालेला असू शकतो.

आता वरची मर्यादा. त्याच छापाखाली पत्ता आहे: विगमोर स्ट्रीट, लंडन, आणि पुढे फक्त डब्ल्यू हे अक्षर. लंडनचे टपाल विभाग १८५७-५८ मध्ये पडले आणि त्या अक्षरांपुढे आकडे लागले ते १९१७ मध्ये. आपला पियानो १९१७ नंतरचा असता, तर तेथे डब्ल्यूपुढे आकडा दिसण्याची शक्यता दाट होती. या खुणेचा उपयोग फक्त पियानोपुरता नाही. लंडनचे घड्याळ, दुर्बीण, शिवणयंत्राची पेटी, कशावरही पत्ता छापलेला असेल तर तो असाच वाचावा. पेढी विसाव्या शतकाच्या तोंडावर लिमिटेड कंपनी झाली आणि आपल्या पियानोवर ‘लिमिटेड’ कुठेही नाही, यावरून मी १९०० च्या आतला अंदाज बांधतो. परंतु ही खूण कच्ची आहे, कारण जुने छाप व जुनी पितळी अक्षरे शिल्लक असेपर्यंत कारखाने ती वापरत राहत.

आपण पाठवलेला आकडा दुर्दैवाने कामाचा नाही. तो बिडाच्या चौकटीवर उठून आलेला आहे, म्हणजे ओतकामाच्या साच्यातच होता, आणि त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक चौकटीवर तो तसाच उमटलेला असणार. वाद्याचा अनुक्रमांक हा ठसा मारून दाबलेला किंवा शाईने रंगवलेला असतो. वरचे झाकण उघडून सुराच्या खुंट्या ज्या ठोकळ्यात बसवल्या आहेत त्याच्या आसपास, बाजूच्या फळ्यांच्या वरच्या कडेवर, पाठीमागच्या खांबांवर आणि डावीकडच्या पहिल्या पट्टीच्या लाकडावर तो शोधावा. तेथेही गोंधळ होतोच, कारण आतले यंत्र बनवणारा कारखाना वेगळा असू शकतो, पट्ट्या बनवणारा वेगळा, आणि प्रत्येकाने आपापला आकडा टाकलेला असतो. पियानो भाड्याने देणाऱ्या दुकानदाराचा बिल्ला असेल तर त्याची आणखी भर. एकच आकडा दोन ठिकाणी सापडला, उदाहरणार्थ पेटीच्या लाकडावर आणि पहिल्या पट्टीवर, तर तो अनुक्रमांक मानायला हरकत नाही. पेटंटचा आकडा असेल तर त्यासोबत साल आहे का ते पाहावे. ब्रिटिश पेटंटांचे क्रमांक १९१५ पर्यंत दरवर्षी एकपासून सुरू होत, त्यामुळे सालाविना असा क्रमांक मुका असतो.

अनुक्रमांक मिळाला की तो पियानो कारखान्यांच्या छापील यादीत पाहता येतो. अशा याद्यांत सालापुढे त्या वर्षीचा आरंभीचा क्रमांक दिलेला असतो, आणि दोन याद्यांत एक-दोन वर्षांचा फरक पडणे अगदी नेहमीचे आहे. काही कारखाने वाद्य सुरू करताना क्रमांक देत, तर काही ते दुकानात पाठवताना. क्रमांक एकपासून सुरू झाला असेलच, असेही नाही. स्टाइनवे कंपनीने १८५३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये विकलेल्या पहिल्या पियानोचा क्रमांक ४८३ होता. आपला पियानो ब्रॉडवुड या लंडनच्या दुसऱ्या पेढीचा असता तर काम आणखी पुढे गेले असते, कारण त्या पेढीच्या वह्या इंग्लंडमधील सरे परगण्याच्या इतिहास केंद्रात जपलेल्या आहेत आणि कोणता पियानो कोणाच्या दारात पोहोचवला, याच्या नोंदी त्यांत आहेत. तेथेही वाद्याच्या प्रत्येक प्रकाराची क्रमांकमालिका वेगळी असल्यामुळे आधी प्रकार ओळखावा लागतो.

नाव, छाप आणि आकडा यांनी जे सांगितले, त्याला वाद्याच्या अंगाने दुजोरा मिळतो का, ते आता पाहू. आपण मोजलेल्या पट्ट्या ८५ आहेत, ५० पांढऱ्या आणि ३५ काळ्या, म्हणजे नेमके सात सप्तकांचे वाद्य. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हीच सर्वसाधारण मांडणी होती. ८८ पट्ट्या १८८० च्या दशकापासून मोठ्या कारखान्यांत रूढ होत गेल्या, तरी ८५ पट्ट्यांचे पियानो विसाव्या शतकातही बरीच वर्षे बनत राहिले. त्यामुळे ८५ हा आकडा १८२७ च्या विरोधात जातो, पण १८९० की १९१० हा वाद त्याने मिटत नाही. १८२७ च्या सुमारास घरोघरी असे ते बहुतांशी आडवे चौकोनी पियानो, सहा सप्तकांच्या आसपासचे आणि लाकडी सांगाड्याचे. सबंध बिडाच्या चौकटीचे पेटंट बॉस्टनमध्ये आल्फियस बॅबकॉक यांनी १८२५ मध्ये घेतले आणि हातोड्यांना कातड्याऐवजी नमदा, म्हणजे दाबून घट्ट केलेली लोकर, लावण्याचे पेटंट पॅरिसमध्ये जाँ-आंरी पाप यांनी १८२६ मध्ये घेतले. या दोन्ही गोष्टी लंडनच्या सामान्य वाद्यांत यायला बराच काळ जावा लागला. बिडाची चौकट, नमद्याच्या हातोड्या, उभी ठेवण आणि सात सप्तके हे सारे एकत्र असलेला १८२७ चा पियानो लंडनहून जालन्यात येणे सर्वथा अशक्य आहे.

हातोड्यांच्या वर बारीक तारांची जाळी दिसते, असे आपण लिहिले आहे. तारांचा नाद थांबवणारे डँपर या रचनेत हातोड्यांच्या वरच्या बाजूला असतात आणि त्या तारा त्यांना उचलतात. आपल्या पियानोत तारा सरळ उभ्या आहेत. खर्जाच्या तारा इतरांवरून तिरप्या गेलेल्या नाहीत. जर्मन कारखान्यांनी तिरप्या तारा आणि खालचे डँपर ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बरीचशी स्वीकारली होती, परंतु इंग्लंडमध्ये जुनी रचना पहिल्या महायुद्धानंतरही चालू राहिली. म्हणून इंग्लिश पियानोत ही जाळी दिसली की तो फार जुना समजण्याची चूक करू नये. इंग्रज कारखानदार या बाबतीत आपल्याकडच्या जुन्या सराफांइतके सनातनी होते. गिऱ्हाईक मागते तोवर घडण बदलायची नाही.

पांढऱ्या पट्ट्यांचे छायाचित्र मोठे करून पाहिले. प्रत्येक पट्टीवर पुढचा रुंद भाग आणि मागचा अरुंद भाग यांच्यामध्ये केसासारखी आडवी सांध दिसते आणि रेषा एका पट्टीवर दाट, शेजारच्या पट्टीवर विरळ आहेत. हस्तिदंत असाच दोन तुकड्यांत बसवत असत. सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकच्या पट्टीवर सांध बहुधा नसते आणि असल्या तर रेषा यंत्राने ओढल्यासारख्या एकसारख्या असतात. तापलेली सुई टोचून हस्तिदंत ओळखण्याचा जो उपाय भंगार बाजारात सांगतात, तो कृपया करू नका. सेल्युलॉइड झटकन पेट घेते, आणि हस्तिदंत असेल तर त्यावर कायमचा डाग पडतो. दोन्ही बाजूंची पितळी शमादाने, म्हणजे मेणबत्त्यांच्या बैठकी, मूळची दिसतात. ती व्हिक्टोरियन काळाशी जुळतात, पण चार स्क्रूंवर बसणाऱ्या वस्तूला मी पुरावा मानत नाही, कारण ती कोणत्याही पियानोवरून काढून कोणत्याही पियानोवर लावता येते.

हाच नियम सर्वत्र लावावा. तारा, नमदे, हातोड्यांची डोकी, पट्ट्यांवरचे हस्तिदंत, चाके, पॉलिश हे सर्व शंभर वर्षांत एकदा तरी बदललेले असते. बिडाची चौकट, साउंडबोर्ड, खुंट्यांचा ठोकळा आणि पेटीचा सांगाडा सहसा बदलत नाहीत, कारण ते बदलण्यापेक्षा दुसरा पियानो घेणे स्वस्त पडते. मतभेद झाला तर या चौघांची साक्ष ग्राह्य धरावी.

दुसरा प्रश्न, पियानो जालन्यात कसा आला, हा मला अधिक रंजक वाटतो. जालन्याची छावणी १८२७ मध्ये वसली आणि १९०३ मध्ये उठली. छावणी उठताना अधिकाऱ्यांच्या बंगल्यांतील सामानाचे लिलाव होणे अगदी स्वाभाविक आहे, आणि १८७८ नंतर बनलेला पियानो १९०३ च्या लिलावात असू शकतो. इथपर्यंत घरची गोष्ट टिकते. फक्त छावणीच्या जन्माचे साल पियानोला चिकटले, एवढेच म्हणता आले असते. अडचण उभी केली ती त्या पावतीने.

पावतीवर साल १३३१ आहे आणि महिना ‘बहमन’ आहे. हिजरी सनात बहमन नावाचा महिनाच नाही. तेथे मोहरम, सफर, रबिलावल असे महिने येतात. आजूर, दय, बहमन हे महिने निजामाच्या राज्यातील फसली सनाचे, आणि महसुली व सरकारी कागदांवर तोच सन चाले. मराठवाड्यात ज्यांनी जमिनीचे जुने कागद हाताळले आहेत, त्यांना तो परिचयाचा असेल. हैदराबादचा हा फसली सन ऑक्टोबरच्या आरंभी, आजूर महिन्यापासून सुरू होतो. त्यात ५९० मिळवले की वर्षाच्या आरंभीचे इसवी साल मिळते, आणि जानेवारीपासूनच्या महिन्यांसाठी ५९१ मिळवावे लागतात. बहमन डिसेंबर-जानेवारीत पडतो, म्हणून ही पावती १९२१ च्या अखेरीची किंवा १९२२ च्या आरंभीची ठरते. हिजरी १३३१ धरले असता १९१२-१३ येते, आणि तेथेच नऊ वर्षांची चूक झाली. आणखी एक तपासणी करून घ्यावी: उर्दू अंकांतील दोन आणि तीन यांत एका दाताचाच फरक असतो आणि घाईच्या हस्ताक्षरात तो नाहीसा होतो. मला छायाचित्रात दोन्ही तीन स्पष्ट दिसतात, तरी मूळ कागद भिंगाखाली एकदा पाहावा.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ही खरेदीची पावतीच नाही. शिक्क्यातील मजकूर करोडगिरीचा आहे. इंग्रजी मुलखातून मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, येणाऱ्या मालावर निजाम सरकार जी जकात घेई, ती करोडगिरी. तिचे नाके अनेकांच्या आजोबांनी पाहिलेले आहेत. माल जर जालन्यातल्या जालन्यात एका बंगल्यातून वाड्यात गेला असता, तर करोडगिरीचा संबंध येण्याचे कारण नव्हते. म्हणजे पावतीतील वस्तू त्या हिवाळ्यात सरहद्दीपलीकडून आली. मालाचे वर्णन ‘विलायती बाजा’ एवढेच आहे, आणि बाजा म्हणजे वाजवायची पेटी, हार्मोनियमही असू शकते, ही शंका मला लगेच आली. त्या काळी मोगलाईत पियानोपेक्षा पेट्याच जास्त येत असणार. परंतु किंमत चारशे कलदार लिहिली आहे. कलदार म्हणजे इंग्रजी रुपया आणि हाली म्हणजे निजामाचा रुपया. शंभर कलदारांना साधारण ११६-११७ हाली रुपये पडत. साध्या हातपेटीची ही किंमत वाटत नाही. पियानोची, तीही वापरलेल्या पियानोची, ती असू शकते. शिवाय रक्कम हालीऐवजी कलदारात आहे, यावरून सौदा इंग्रजी मुलखात झाला होता, या तर्काला बळ मिळते.

मार्गही जुळतो. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडकडे जाणारा गोदावरी खोऱ्याचा मीटरगेज लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला. मुंबईकडून येणारा माल मनमाडला मोठ्या गाडीतून उतरवून लहान गाडीत चढवावा लागे. अशा मालावर रेल्वेच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असत आणि पियानोच्या पाठीवर त्या कित्येकदा तशाच राहतात, कारण पाठ भिंतीला लागलेली असते आणि तिला कोणी पॉलिश करत नाही. आपला पियानो भिंतीपासून हातभर पुढे ओढून, टॉर्चच्या तिरप्या उजेडात पाठ पाहावी. निजाम सरकारने १९३० मध्ये ही ‘निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे’ ताब्यात घेतली आणि नावातील ‘गॅरंटीड’ हा शब्द गेला. चिठ्ठीवर तो शब्द असेल तर ती १९३० च्या आधीची समजावी.

मधल्या काळाबद्दल दोन खुणा आहेत. खर्जाच्या तारांवरील तांब्याचे वेढे हिरवे झाले आहेत आणि खुंट्यांच्या मुळाशी गंजाने खड्डे पडले आहेत. नुसत्या मराठवाड्याच्या हवेत असा गंज सहसा धरत नाही. इथला पियानो उन्हाळ्याच्या कोरड्या झळांनी तडकतो, साउंडबोर्डाला चिरा पडतात, सरस सुटतो, खुंट्या ढिल्या होतात. समुद्राकाठचा पियानो गंजतो. आपल्या पियानोत चिराही आहेत आणि गंजही आहे, म्हणून तो काही वर्षे मुंबईच्या किंवा किनाऱ्यावरच्या दुसऱ्या शहराच्या हवेत राहून मग इकडे आला असावा, असे मला वाटते. दुसरी खूण झाकणाच्या आतल्या बाजूस आहे: स्क्रूची दोन भोके आणि त्यांच्यामध्ये फिकट चौकोन. तेथे पूर्वी एक पितळी पट्टी होती. मुंबईतील एस. रोझ अँड कंपनी आणि फुर्टाडोज, मद्रासमधील मिस्क्विथ अशा दुकानांच्या पट्ट्या पियानोंवर असत. आपल्या घरातील जुन्या डब्यांत, चाव्यांच्या जुडग्यांत अशी पट्टी पडली आहे का, ते पाहा. सापडली आणि भोके जुळली, तर पहिल्या विक्रीचे नव्हे, तरी एका मुक्कामाचे ठिकाण पक्के होईल.

लिलावाची गोष्ट मी खोटी म्हणणार नाही. लिलाव झाला असेल, पण जालन्याच्या छावणीत नव्हे, मुंबईत किंवा पुण्यात, साहेबही असेल. घरात आठवण पुढच्या पिढीकडे जाताना गावाचे नाव आधी बदलते आणि माणसाचे मागाहून. दुसरी शक्यता अशी की पावती वेगळ्याच वाद्याची आहे आणि पियानो खरोखरच १९०३ चा लिलावातला आहे. या दोहोंतला निर्णय वाद्याच्या पोटातूनच होईल.

त्यासाठी पुढील तपासणी आपण स्वतः करू शकाल. वरची पुढची फळी आतल्या दोन लाकडी फिरक्या फिरवल्या की निघते. खालची फळी वरच्या पोलादी पट्टीला दाबून पुढे घ्यावी. तिच्यामागे हात घालण्याआधी उजेड टाकून पाहावे, कारण वर्षानुवर्षे न उघडलेल्या पियानोत उंदरांचे घर असते आणि आपल्या भागात विंचूही निघतो. आतल्या फळ्यांच्या मागील बाजूस आणि पहिल्या दोन-तीन पट्ट्यांच्या लाकडावर सूर लावणाऱ्यांनी पेन्सिलीने नाव, गाव व तारीख लिहिण्याची प्रथा आहे. तेथे १९०३ नंतरची आणि १९२१ च्या आधीची मुंबईची तारीख मिळाली, तर छावणीची गोष्ट संपली. जालन्याची मिळाली, तर पावती दुसऱ्या वाद्याची ठरेल. पट्ट्यांखालच्या फळीवर पडलेली नाणी, बटणे, तिकिटे फेकू नका. कोणते नाणे कोणत्या पट्टीखाली होते, ते लिहून ठेवा. हैदराबादच्या नाण्यांवर मात्र फसली नव्हे, हिजरी साल असते. आतले यंत्र बाहेर काढू नका, काही पुसू नका, तेल लावू नका. पेन्सिलीची अक्षरे ओल्या फडक्याच्या एका हातात जातात.

विक्रीविषयी स्पष्ट सांगतो: वय वाढले म्हणून पियानोची किंमत वाढत नाही. वरच्या डँपरचा, सरळ तारांचा, चिरलेल्या साउंडबोर्डाचा पियानो बाजारात फारसा कोणी घेत नाही, आणि पूर्ण दुरुस्तीचा खर्च त्याच्या विक्रीच्या किमतीत निघत नाही. हस्तिदंताच्या पट्ट्या उचकटून विकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हस्तिदंताचा व्यापार गुन्हा आहे. शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू पुरावशेषांच्या १९७२ च्या कायद्यात येऊ शकते, म्हणून परदेशी गिऱ्हाईक आले तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात विचारून घ्यावे. घरात ठेवून वाजता करायचा असेल, तर ते बेताच्या खर्चात होण्यासारखे आहे. तारा एकदम आजच्या सुरापर्यंत ओढू नयेत. अर्धा स्वर खाली ठेवून, दोन-तीन खेपांत, पावसाळा संपून हवा स्थिरावल्यावर सूर चढवावा. खिडकीच्या उन्हापासून तो आत्ताच हलवा, आणि हलवताना शमादाने किंवा झाकण धरून ओढू नका. खालच्या तुळईला धरून चौघांनी हलवावा.

अनुक्रमांक, पाठीवरच्या चिठ्ठ्या आणि पहिल्या पट्टीच्या दोन्ही बाजू यांची छायाचित्रे शेजारी मोजपट्टी ठेवून काढा, आणि पावतीची मागची बाजूही पाठवा. करोडगिरीच्या पावतीवर नाक्याचे नाव बऱ्याचदा मागच्या शिक्क्यात असते, आणि ते वाचता आले तर पियानो रेल्वेने आला की सडकेने, हे समजेल.